वर्षावासातले भन्ते आणि करुणेचा ‘जवळचा शत्रू’

कौलारू

दापोली तालुक्यातल्या एका छोट्या विहारात राहून नुकतीच परत आले. लिही लिही म्हणून इथल्या दोघीतिघींनी पिच्छा पुरवला होता, तर हे घ्या. गावाचं नाव देणार नाही. भन्तेजींनीच बजावलंय, “नाव टाकू नका ताई, मग लोक फोटो काढायला येतात.” दापोलीकरांपैकी कुणाला ओळखू आलंच तर पोटात ठेवा.

जाहिरात बघून पैसे भरून जायचं असतं तसलं शिबिर नव्हतं हे. माझ्या मैत्रिणीच्या वाडीतला विहार. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंचा वर्षावास असतो. या तीन महिन्यांत त्यांनी गावोगाव फिरायचं नाही, एका जागी मुक्काम करायचा. पावसात हे श्रमण हिंडतात, कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी कुरकुर केली आणि त्यावरून बुद्धांनी हा नियम घातला, असं विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात आहे. कोकणातला आषाढ ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगायला नको. अंगणात पाऊल टाकावं तिथे गोगलगायी, वाणी, गांडुळं, बेडकाची पिल्लं.

दोन भन्ते होते. थोरले मराठवाड्यातले, साठी उलटलेली, बोलणं तुटक. धाकटे त्रिपुराचे, चकमा समाजातले. मराठी शिकताहेत आणि ‘ळ’पुढे त्यांनी हात टेकलेत. राहायला आलेले आम्ही मोजकेच, बहुतेक मुंबईचे चाकरमानी. अष्टशील घ्यायचं: पंचशील, शिवाय दुपारनंतर जेवण नाही, नाचगाणं-नटणं नाही, उंच मऊ अंथरूण नाही. पहाटे वंदना आणि ध्यान, मग श्रमदान, बाराच्या आत भोजनदान, दुपारी परत ध्यान, संध्याकाळी धम्मदेसना, म्हणजे प्रवचन. बारानंतर गाळलेलं सरबत चालतं, त्यामुळे आम्ही कोकमावर तगलो. (कोकमात साखर किती घालावी यावरून वाडीतल्या दोन काकूंची जी जुंपली, तिच्यावर वेगळा धागा निघेल.)

ध्यान मैत्रीभावनेचं, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं. आधी स्वतःसाठी, मग ज्यांच्याबद्दल आदर आहे त्यांच्यासाठी, मग जिवलगासाठी, मग ज्याच्याशी देणं ना घेणं अशा माणसासाठी, आणि शेवटी वैऱ्यासाठी. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी श्रीलंकेत बसून ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला, त्यात ही पायऱ्यांची रीत आहे. करुणाभावनेची सुरुवात मात्र त्यात स्वतःपासून नाही. प्रत्यक्ष हालात असलेला माणूस समोर धरायचा आणि तिथून निघायचं. मी हे वहीत टिपून घेतलं आणि पान उलटलं.

गावात वरच्या आळीला एक आजोबा एकटे राहतात. मुंबईला गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर गावी परतले. बायको गेली, मुलगा नालासोपाऱ्याला. अर्धांगवायू झाल्यापासून अंथरुणावर आहेत. शेजारची सून दोन वेळचा डाळभात देते, पण बाकीचं कोण करणार? दोन्ही भन्ते रोज सकाळी तिकडे जातात हे मला ठाऊक नव्हतं. एका सकाळी मी झाडू उचलला तर थोरले म्हणाले, “तो ठेवा. तुम्ही चला.”

दारातच वास आला. कौलं गळत होती, जमिनीवर पातेली मांडलेली. आजोबा कुशीवर, पाठीला चादर चिकटलेली. ओढली असती तर कातडीसकट आली असती. थोरल्या भन्तेंनी चीवर खोचलं, कोमट पाण्यात फडका बुडवला आणि चादर चिकटली होती तिथे नुसता धरून ठेवला. पुसणं नाही, चोळणं नाही. पाणी मुरेपर्यंत धरला, परत भिजवला, परत धरला. चादर आपणहून सुटत गेली. खाली माकडहाडाशी वाटीच्या तोंडाएवढी जखम. धाकट्यांनी एक हात खांद्यामागे, एक गुडघ्याखाली घालून आजोबांना दुसऱ्या कुशीवर घेतलं, कुठे हिसका नाही. आजोबा शिव्या घालत होते. इकडच्या अस्सल शिव्या, आयमाय काढून. मला रडू फुटलं. हुंदकेच म्हणा.

थोरले मान न वळवता म्हणाले, “ताई, पाणी निवलं. चूल पेटवा.”

लाकडं ओली होती. फुंकून फुंकून डोळ्यांत धूर गेला, पण पाणी तापलं.

संध्याकाळच्या देसनेत त्यांनी माझं नाव न घेता तोच विषय काढला. म्हणाले, प्रत्येक चांगल्या भावनेला दोन शत्रू असतात, एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता. तो लांबून ओळखू येतो, त्याला आपण दारात उभं करत नाही. जवळचा शत्रू शोक. तो करुणेचेच कपडे घालून येतो आणि आपण त्याला घरात घेऊन पाट मांडतो. दुसऱ्याचं दुःख बघून आपण कोसळलो की खोलीत दुःखी माणसं एकाची दोन होतात, आणि पहिल्याचं तर काहीच हललेलं नसतं. कुणीतरी विचारलं, मग काय दगड व्हायचं? भन्ते म्हणाले, “दगड हा उपेक्षेचा, म्हणजे समचित्ताचा, जवळचा शत्रू. त्यावर उद्या.” आणि खरंच दुसऱ्या दिवशी तासभर त्यावर बोलले.

मग त्यांनी विनयातली अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची गोष्ट सांगितली. तो आपल्याच घाणीत पडून होता. बुद्धांनी विचारलं, तुझी सेवा कुणी करत नाही का? तो म्हणाला, मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कुणी करत नाही. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचललं आणि मंचकावर निजवलं. नंतर सगळ्यांना गोळा करून सांगितलं, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. या गोष्टीत कोण रडलं याचा उल्लेख नाही. कोणी पाणी ओतलं आणि कोणी पाय धरले, ते मात्र आहे.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांची एक तऱ्हा असते. येतात, पदर डोळ्यांना लावतात, “काय हो हे तुमचं झालं” म्हणतात, आणि मग पलंगावरच्या माणसाला त्यांचीच समजूत काढावी लागते. जाताना त्यांना चहा. जो रडला तो मायाळू, जो उठून औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात गेला तो कोरडा, हा हिशेब आपण किती घरांत बघतो! भन्तेंमुळे त्या हिशेबाकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

रुग्णसेवा करणाऱ्यांचं म्हणणं ऐकायला आवडेल. वाद घालणाऱ्यांचंही स्वागत, नाहीतरी येणारच आहात.

बोंबील_फ्राय

आवडलं. वाचनखूण साठवली. आजोबांच्या शिव्या गाळल्याबद्दल तीव्र निषेध. (हलके घ्या.)

तर्कट

आलोच. लेखन छान आहे, पण एक शंका. दापोलीचा विहार, वाडीतून भोजनदान. म्हणजे पात्रात मासे पडत असणारच. पायाखाली गोगलगाय येऊ नये म्हणून तीन महिने प्रवास बंद, आणि ताटात मात्र मासा? करुणा मणक्याच्या प्राण्यांना लागू होत नाही का?

कौलारू

@तर्कट, पडतात. मासेमारीबंदीचे दिवस होते म्हणून ताजे नव्हते, सुक्या बोंबलाचं कालवण होतं. भन्तेंनी ते खाल्लं. भिक्खूने निवड करायची नाही, पात्रात पडेल ते घ्यायचं. अट एवढीच की तो जीव आपल्यासाठी मारलेला पाहिलेला नको, ऐकलेला नको, तशी शंकासुद्धा नको. हे जीवक सुत्तात आहे. आणि एका दिवशी पिठलं-भात होता तेव्हा थोरल्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं त्यावरून मराठवाडा आतून जात नाही एवढं कळलं.

पिंपळपान

थोडी भर. संघात फूट पाडणाऱ्या देवदत्ताने ज्या पाच मागण्या केल्या होत्या त्यातली एक हीच, की भिक्खूंनी आयुष्यभर मासे-मांस खाऊ नये. बुद्धांनी त्या सक्तीच्या करायला नकार दिला. पण हा सगळ्या बौद्धांचा शेवटचा शब्द समजू नका. महायानातल्या लंकावतार सूत्रात मांसाहाराला स्वच्छ विरोध आहे आणि तोसुद्धा करुणेच्याच आधारावर. चिनी परंपरेतले भिक्खू शाकाहारी असतात. तेव्हा तर्कटरावांची शंका दीडेक हजार वर्षं जुनी आहे, त्यांनी उगाच श्रेय घेऊ नये.

अवांतर: उपासकांनी करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रं, प्राणी, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार येतो. हे मात्र खाण्यापेक्षा अवघड प्रकरण आहे.

हर्णैकर

अवघड कसलं, सरळ सांगा की आम्ही पापी. आमच्या चार पिढ्या बंदरावर गेल्या. संध्याकाळी लिलावाला पुण्या-मुंबईची गाडी लावून तुम्हीच येता, सुरमईला हात लावून भाव करता, आणि रात्री जेवून झाल्यावर करुणेवर धागा काढता. खाणारा पात्र पुढे करून मोकळा, आणि पकडणाऱ्याच्या माथी दोष. झकास.

कौलारू

@हर्णैकर, तुमचा राग रास्त आहे. नेमका हाच प्रश्न तिथे एका काकांनी विचारला. त्यांची स्वतःची होडी आहे, शिवाय मोठ्या बोटीत भागीदारी. “भन्ते, मी पाणातिपाता (जीव न मारण्याचं शील) म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी जाळं टाकतो. माझं काय?”

भन्तेंनी “चालतं हो” म्हटलं नाही, आणि “धंदा सोडा” असंही म्हटलं नाही. त्यांनीच उलट विचारायला सुरुवात केली. बंदीत चोरून जाता का? जाळ्याचा आस (भोक) किती बारीक? बोटीवर खलाशी कुठले? काका म्हणाले, नेपाळचे. त्यांचा हिशेब महिन्याचा महिन्याला देता, की हंगाम संपेपर्यंत अडकवून ठेवता? आजारी पडला तर दवाखाना कोण करतं? काका गप्प. भन्ते म्हणाले, “माशापर्यंत नंतर जाऊ. आधी बोटीवरच्या माणसापर्यंत जा.”

माशाचा दोष पुसला गेला असं ते बोलले नाहीत, हे मुद्दाम नोंदवते. दोष आहे म्हणाले. पण ज्याच्या हातात आज जे आहे तिथून त्याने सुरू करावं.

हर्णैकर

हे पटण्यासारखं आहे. खलाशांचा हिशेब हा आमच्याकडे बोलायचा विषय नाही, पण आहे खरा. आणि आस म्हणाल तर २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. कागदावर. बारीक पापलेट लिलावात अजूनही दिसतं आणि गिऱ्हाईक ते “कोवळं आहे” म्हणून आवडीने नेतं. गिऱ्हाइकालाही एखादं शील द्या.

शिलालेखी

हर्णैकर, तुमच्या खलाशांची व्यवस्था कोकणातच दगडावर लिहून ठेवलेली आहे. सोपाऱ्याला (आजचं नालासोपारा) अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी दोनांचे तुकडे मिळाले. आठव्याचा १८८२ मध्ये, पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला त्याच वर्षी. नवव्याचा १९५६ मध्ये, जवळच्या भुईगावात. नवव्यात राजा म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलकार्यं करतात, त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे धम्ममंगल. आणि त्यात तो पहिल्यांदा काय घालतो? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं. जीवांबाबतचा संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान हे त्यानंतर. म्हणजे भन्तेंचा क्रम मूळ आवृत्तीप्रमाणेच आहे.

आठवा लेख कौलारूताईंसाठी. पूर्वीचे राजे शिकार आणि मौजेसाठी विहारयात्रा काढत, मी धम्मयात्रा काढतो. त्यात वृद्धांना भेटतो, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटतो, असा त्याचा आशय. होम-स्टेवाल्यांनी प्रवेशद्वारावर लावावा. तो तुकडा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

रात्रपाळी

अतिदक्षता विभागात नोकरी करते, म्हणून लिहिते आहे. ‘जवळचा शत्रू’ हा शब्द आमच्या ड्युटीरूममध्ये लावायला हवा. नव्या मुली पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक पेशंटमागे रडतात, आणि वर्षभरात एकतर नोकरी सोडतात नाहीतर पार कोरड्या होतात. मधलं कुणी शिकवतच नाही.

याच्यावर मेंदूचा अभ्यास झालाय. मॅथ्यू रिकार म्हणून फ्रेंच भिक्खू आहेत, तिबेटी परंपरेतले, आधी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून जनुकशास्त्रात डॉक्टरेट केलेले. मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर यांच्या गटाने त्यांना स्कॅनरमध्ये घातलं आणि नुसतं दुसऱ्याचं दुःख आपल्यात भरून घ्यायला सांगितलं. थोड्याच वेळात ते थकून गेले. मग करुणेचं ध्यान करायला सांगितलं तर मरगळ गेली. पुढे साध्या माणसांना दोन्हींचं शिक्षण देऊन बघितलं, तर मेंदूतली चक्रंही वेगवेगळी दिसली. सहवेदनेच्या शिक्षणाने मन खचतं, करुणेच्या शिक्षणाने ते सावरतं. तुमच्या भन्तेंनी चूल पेटवायला लावली तो त्यातलाच प्रकार असावा.

पण एक विचारते, राग मानू नका. आजोबांच्या जागी आजी असत्या तर? भिक्खू बाईला हात लावत नाहीत. मग ही करुणा अर्ध्या लोकसंख्येला दारातूनच नमस्कार करणार का?

कौलारू

@रात्रपाळी, राग कसला, मीही विचारलं होतं. भन्ते म्हणाले, “मग चूल मी पेटवीन आणि धुवायला तुम्ही बसाल.” मला हे उत्तर अर्धंच पटलं. जिथे दुसरी बाई नसेल तिथे काय, यावर ते म्हणाले की जीव जात असेल तर नियम हातात धरून बसणारा मूर्ख. पण रोजच्या सेवेत भार शेवटी बायकांवरच येतो, आणि भिक्खुणी संघ आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. तुमचा मुद्दा उभाच राहतो.

माजघर

सुंदर धागा. भन्ते सापांबद्दल काही बोलले का? पावसात आमच्याकडे पायरीवर फुरसं असतं. तेव्हा मैत्रीभावना कुठल्या पायरीवर करायची?

पिंपळपान

त्यालाही सुत्त आहे! एक भिक्खू साप चावून मेला, तेव्हा बुद्धांनी सापांच्या चार राजकुळांना मैत्री पाठवायला सांगितलं. ‘अपादकेहि मे मेत्तं, मेत्तं द्विपादकेहि मे’, म्हणजे बिनपायांशी माझी मैत्री, दोन पायांच्यांशी माझी मैत्री, मग चार पायांचे, मग बहुपायी. लंकेत आणि ब्रह्मदेशात परित्राण, म्हणजे रक्षणाचा पाठ, म्हणून अजून म्हणतात. तुमच्या पायरीवर घोकायला हरकत नाही, तोंडाने मैत्री आणि हातात बॅटरी.

रात्रपाळी

आणि चावलंच तर घोकत बसू नका. फुरसं चावल्यावर रक्त गोठणं बिघडतं. हातपाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठा, अँटिव्हेनम तिथे मिळतं. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून किती जीव वाचवले ते कोकणात सगळ्यांना माहीत आहे. मला विचाराल तर कोकणातल्या करुणेच्या कुठल्याही गप्पांत ते नाव आलं पाहिजे.

मंडणगडकर

जय भीम. धागा सुरुवातीपासून वाचतोय. भन्तेंबद्दल आदर आहेच. पण हे वाचताना मला एक गोष्ट टोचत राहिली. आमच्या तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. महाडला तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला जे गेले त्यांत आमच्या पणजोबांच्या पिढीची माणसं होती. त्यांनी करुणा मागितली नव्हती, हक्क बजावला होता. १९५६च्या मे महिन्यात बीबीसीवर बोलताना बाबासाहेबांनी बौद्ध धम्म का आवडतो ते सांगितलं, त्यात तीन तत्त्वं होती: प्रज्ञा, करुणा आणि समता. शिबिरवाल्यांना त्यातली मधली तेवढी आवडते. समता उचलली की ध्यान मोडतं बहुधा.

ताई, तुम्ही ‘वरच्या आळीला’ असं लिहिलंय. कोकणात वरची आळी म्हणजे काय ते इथे सगळ्यांना कळतं. स्पष्ट विचारतो, ते आजोबा बौद्धवाडीतले आहेत का?

कौलारू

नाहीत. म्हणूनच त्यांच्या शिव्यांचं सविस्तर लिहिलं नाही. त्यांत जातही होती.

मैत्रीण सांगते की तिच्या लहानपणी याच आजोबांच्या ओटीवर तिच्या वडिलांना कधी बसू दिलं नव्हतं.

मंडणगडकर

वाटलंच. मग तर प्रश्न आणखी गहिरा झाला. शिव्या द्यायला ते, आणि शिव्या खाऊन त्यांची पाठ धुवायला परत आमचेच. शतकानुशतकं हेच चालत आलंय, फक्त आता त्याला पिवळं चीवर घातलं. याला करुणा म्हणायचं की जुनीच वेठ?

शिलालेखी

मध्येच येतो, कारण हा प्रश्न कोकणच्या बाबतीत पूर्वी येऊन गेलेला आहे. पुण्ण नावाचा भिक्खू सुनापरांतात राहायला निघाला. अट्ठकथेप्रमाणे (सुत्तांवरच्या जुन्या टीकेप्रमाणे) तो सोपाऱ्याकडचाच व्यापारी. बुद्ध म्हणाले, तिथली माणसं तापट आणि कठोर आहेत, शिव्या देतील तर? पुण्ण म्हणाला, हातांनी मारत नाहीत म्हणजे भलीच, असं समजेन. हातांनी मारलं तर? ढेकळं मारत नाहीत. ढेकळं मारली तर? काठ्या नाहीत. असं करत करत शस्त्रापर्यंत आणि शेवटी जिवापर्यंत. बुद्धांनी त्याला जायला परवानगी दिली. त्याच वर्षावासात त्याने तिथे पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका उभ्या केल्या असं सुत्त सांगतं. (ब्रह्मदेशवाले सुनापरांत आपल्याकडे असल्याचं सांगतात. अपरांत म्हणजे कोकण हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे, पण त्यांचंही ऐकून घ्यावं.)

मंडणगडकर

गोष्ट माहीत आहे. पण पुण्ण स्वतःच्या मर्जीने गेला होता. ज्याला जायचं की नाही हे ठरवता येतं त्याची सहनशीलता वेगळी, आणि ज्याच्यावर ती लादलेली असते त्याची वेगळी.

कौलारू

हे माझ्या मनात नव्हतं आलं, मैत्रिणीच्या आलं. ती पहिले काही दिवस त्या घरात आलीच नाही. तिने भन्तेंना तोंडावर विचारलं, “आम्हीच का?” ते म्हणाले, “तुम्ही येऊ नका. मी भिक्खू आहे, मला जात नाही, मी जाईन. तुमच्यावर हे काम नाही.” आणि तिला परत कधी बोलावलं नाही. मला बोलावलं, तिला नाही, हे मला तेव्हा कळलं.

दुसरं, त्यांनी वरच्या आळीतल्या घरांना गाठलं. ओटीवर उभं राहून सांगितलं, सोमवार आणि गुरुवार तुमचे, मी शिकवायला येतो, हात तुमचे लागतील. दोन घरांनी दार लावून घेतलं. एका घरातला कॉलेजचा मुलगा यायला लागला. नालासोपाऱ्याच्या मुलाला फोन केला तेव्हा मी शेजारी होते. आवाज चढवला नाही, पण विनंतीचा सूरही नव्हता: “गणपतीला येताय ना? चार दिवस आधी या. वडिलांची पाठ कशी धुवायची ते शिकून घ्या.” आणि आजोबांना त्यांनी एकदाच सांगितलं की मला काय वाटेल ते बोला, पण या पोराची (धाकट्या भन्तेंची) जात काढलीत तर आम्ही दोघेही उद्यापासून बाहेर थांबू आणि तुमच्या आळीची माणसं येईपर्यंत तुम्हाला वाट बघावी लागेल. आजोबा त्यावरही शिवी घालूनच गप्प झाले.

यात समता पुरेशी आली का, ते तुम्ही ठरवा. माझ्याजवळ त्याचं तयार उत्तर नाही.

मंडणगडकर

“तुम्ही येऊ नका” हे वाक्य महत्त्वाचं आहे. तुम्ही ते मूळ लेखात लिहायला हवं होतं. बाकी सोमवार-गुरुवारचं कळलं. भन्तेंना माझा वंदामि सांगा. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही, पण तो कॉलेजचा मुलगा टिकला तर कळवा.

तर्कट

माशांवरून सुरू केलं होतं मी, कुठे येऊन पोचलो. भन्तेंशी वाद घालायला आवडेल. दानात पैसे चालतात का? काय न्यावं?

कौलारू

पैसे त्यांच्या हातात देऊ नका, ते घेत नाहीत. तांदूळ, डाळ, साबण, काड्यापेट्या, मेणबत्त्या द्या. वीज सारखी जाते. जेवण न्यायचं तर बाराच्या आत. आजोबांसाठी मोटारवाली हवेची गादी घ्यायचं चाललंय, त्यातही वर्गणी चालेल. मैत्रिणीच्या भावाकडे वाडीचा हिशेब आहे, व्यक्तिगत निरोप करा.

रात्रपाळी

थांबा, गादी घेण्याआधी. वीज जाते म्हणताय ना? मग मोटारवाली नको. वीज गेली की ती बसते आणि पेशंट फळीवर येतो. जाड, घट्ट फोमची गादी घ्या, वर धुता येईल असं कव्हर. रबराची गोल रिंग कुणी सुचवेल, ती अजिबात नको, कडेचा रक्तपुरवठा तुटतो. लाल झालेल्या जागेला चोळायचं नाही, पावडर-स्पिरिट काही नाही. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा आणि दर दोन तासांनी कूस बदला. रात्री कोण बदलणार ते त्या सोमवार-गुरुवारच्या यादीत घाला, कारण जखम रात्रीच वाढते. एवढी मोठी आहे म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवी, ताप आला किंवा वास वाढला तर त्याच दिवशी. आणि नुसत्या डाळभाताने ती भरायची नाही. प्रथिनं लागतात. अंडं द्या, सुकट द्या. तर्कटरावांनी इथे डोळे मिटावेत.

तर्कट

मिटले. फोमच्या गादीचे निम्मे पैसे माझे. पण गादी पुरेशी जाड आहे हे दुकानात ओळखायचं कसं?

रात्रपाळी

दुकानात नाही कळत, माणूस झोपल्यावर कळतं. आजोबांना गादीवर घ्या आणि माकडहाडाच्या खाली, गादी आणि फळी यांच्या मध्ये, तळहात वर करून हात सरकवा. हाताला हाड लागलं तर गादी बाद. हात आणि हाड यांच्यामध्ये एक इंच तरी फोम शिल्लक राहिला पाहिजे. कॉलेजच्या मुलाला हे करायला शिकवा, दर पंधरा दिवसांनी बघायचं, फोम बसत जातो.